कणकेचं नरसाळं

दादा,

काल तुझ्या शाळेत शोकसभा झाली. खुर्च्या पुरून उरल्या, कारण बडोद्यातल्या आपल्या मराठी शाळेत आता माणसंच किती राहिली आहेत. मुख्याध्यापिकाबाई बोलल्या, तुझे दोन जुने विद्यार्थी बोलले, त्यातला एक अहमदाबादहून मुद्दाम आला होता. सगळ्यांनी तुझं गणित काढलं. तू फळ्यावर नुसत्या हातानं वर्तुळ काढायचास आणि ते कंपासनं काढल्यासारखं यायचं, हे एकापाठोपाठ एक सगळ्यांनी सांगितलं. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शैलाताई, तुम्ही दोन शब्द?" मी नुसती मान हलवली. उभी राहिले असते तर माझ्या तोंडून क्लचबद्दलच निघालं असतं, आणि शोकसभेत क्लचबद्दल कोण बोलतं? त्यांना वाटलं, मला भरून आलंय. भरून वगैरे काही आलं नव्हतं. मी दमले होते. तू गेल्याला वीस दिवस झाले, आणि या वीस दिवसांत मला दमण्यापलीकडे दुसरं काही नीट जमलेलं नाही.

तिथे बोलले नाही, म्हणून इथे लिहिते आहे. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. पण मी कारखान्यातून लिहिलेली पत्रंसुद्धा तू कुठे धड वाचायचास? शुद्धलेखन सुधारायचास आणि परत द्यायचास.

तुझी काळी मोटारसायकल अजून जिन्याखालच्या बोळात उभी आहे. भेटायला आलेला प्रत्येक माणूस तिला वळसा घालून आत आला. तुला न्यायच्या वेळी आधी तिला बाहेर काढावं लागलं, आणि कुणाला तरी तिचा आरसा लागून खरचटलं. वहिनी म्हणते, "शैला, हिचं काय ते बघ बाई. मला रोज दिसते." मी बघते म्हणाले. गेली दोन वर्षं मी तेच तर म्हणते आहे.

ती गाडी आणायला आपण दोघं डभोईला गेलो होतो, आठवतं? एका निवृत्त रेल्वे गार्डाची गाडी. मी तेव्हा कॉलेजात होते आणि वहिनीला बसमध्ये उलट्या होतात म्हणून तू मला बरोबर घेतलंस. त्या गार्डानं तासभर गाडीची महती सांगितली आणि शेवटी हळूच म्हणाला, "सर, क्लच जरा भारी छे." जरा! डभोईपासून दांडिया बाजारातल्या घरापर्यंत येईतो तुझा डावा हात सुजला. वहिनीनं मोहरीचं तेल चोळलं. तू एकीकडे विव्हळत होतास आणि दुसरीकडे सांगत होतास की चांगल्या गाडीचा क्लच जडच असतो, हलका क्लच म्हणजे खेळण्यातली गाडी. तुझा हा स्वभाव मला लहानपणापासून माहीत होता. एकदा घेतलेली वस्तू वाईट असूच शकत नाही.

त्या गार्डानंच तुला ती युक्ती शिकवली, आणि मग आपल्या घरी दसरा म्हणजे क्लचचा सण झाला. सकाळी उठून तू फाफडा-जिलेबी आणायचास, आणून ओट्यावर ठेवायचास आणि कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. आधी गाडी. क्लचच्या केबलचं हॅंडलकडचं टोक सोडवायचं, ते उभं करून खिडकीच्या गजाला बांधायचं, वहिनीच्या परातीतून लिंबाएवढी कणीक पळवायची आणि केबलच्या तोंडाभोवती तिचं नरसाळं करायचं. त्यात शिलाई मशीनचं तेल थेंबाथेंबानं सोडायचं. तेल आतल्या तारेला धरून झिरपत झिरपत खाली जायचं, आणि इंजिनाकडच्या टोकाला पहिला काळा थेंब दिसला की तू ओरडायचास, "आला!" मग गाडीला हार, कुंकू, नारळ. तोवर जिलेबीचा पार दगड झालेला. वहिनी दरवर्षी चिडायची आणि दरवर्षी थोडी कणीक जास्त भिजवायची.

मग मी गोरव्याच्या कारखान्यात लागले. तुला ते आवडलं नाही. मी बी.एड. करावं असं तुला वाटत होतं. दोन वर्षं तू फॉर्म आणून माझ्या उशाशी ठेवत होतास. आणि माझी नोकरी तरी कसली, तर मोटारसायकलींच्या केबली बनवायची. क्लचच्या, ब्रेकच्या, सगळ्या. रांगेतलं शेवटचं टेबल माझं. तयार केबल लिव्हरला अडकवायची, ओढायची, आणि अडखळते का, जड जाते का ते सांगायचं. दिवसभर तेच. ओढ किती जड ते मोजायचं यंत्र होतं, पण ते नमुन्यापुरतं. बाकी सगळा माल माझ्या हातावर जायचा. आमचे सुपरवायझर म्हणायचे, "शैलाबेननो हाथ कहे ए खरुं." मला त्या वाक्याचा फार अभिमान होता. घरी येऊन सांगितलं तेव्हा तू पेपर तपासत होतास. तू म्हणालास, "छान," आणि पुढचा पेपर घेतलास.

एकदा मला बघायला पाहुणे आले होते. तू त्यांना सांगितलंस, "शैला ऑफिसात असते, अलकापुरीत." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. कुठे कारखान्यांचा गोरवा आणि कुठे बंगल्यांची अलकापुरी! माझ्या नखांत ग्रीस होतं. पाहुण्यांनी ते पाहिलं की नाही, माहीत नाही. मी मात्र पाहिलं आणि तूही पाहिलंस. त्यावर आपण कधीच बोललो नाही. ते स्थळ जमलं नाही त्याचं मला काही वाटलं नाही. अलकापुरीचं वाटलं.

त्याच सुमारास नव्या तऱ्हेच्या केबली आल्या. आत पांढऱ्या प्लास्टिकची नळी घातलेल्या. आमच्याकडे त्या बनायला लागल्या तेव्हा पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगण्यात आलं की यात तेल घालायचं नसतं. तेलानं आतली नळी फुगते, धूळ धरते आणि तार अडकते. तुझ्या गाडीला तू बाजारातून आणलेली केबलही तसलीच निघाली. मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुला बजावलं. तू म्हणालास, "तेल नको असलेलं लोखंड मी अजून पाहिलेलं नाही."

"दादा, आत लोखंड नाही. प्लास्टिक आहे."

"मग कंपनीनं फसवलंय. तेल तर घातलंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी कणीक, नरसाळं, तेल, सगळं यथासांग झालं. त्या वर्षी वहिनीनं कणीक सैल भिजवली होती. दिवाळीपर्यंत तुझा क्लच असा बसला की तू चार दिवस रिक्षानं शाळेत गेलास. मी केबल काढली, एका टोकाची शिशाची घुंडी कापली आणि आतली तार ओढली. तारेबरोबर करड्या रंगाची कणीक बाहेर आली, वळवटासारखी. वहिनी म्हणाली, "अजून थोडी मळली असती ने, तर पुऱ्या झाल्या असत्या." मी इतकी हसले की ओट्याला धरून खाली बसले. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

मी दुसऱ्याच दिवशी कारखान्यातून रीतसर मागून घेऊन एक केबल आणली होती. स्वतः तपासलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तुझ्या कपाटावर ठेवली. तू बाजारात गेलास आणि दुसरी विकत आणलीस. माझी केबल कपाटावरच राहिली. वहिनी दर दिवाळीला ती उचलून खालची धूळ पुसायची आणि परत ठेवायची. आपण नेहमी भांडायचो ते तेलावरून, पण ते भांडण तेलाचं नव्हतं हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तुला वाटायचं बहीण फुकट गेली. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा, यानं माझ्या हातची केबल त्याच्या गाडीला लावावी.

पुढे मी गोरव्यातच दोन खोल्या घेतल्या. तू म्हणालास, कारखाना जवळ पडेल. मीही म्हणाले, जवळ पडेल. सणासुदीला यायचे, जेवायचे, जायचे. मधल्या वर्षांत सगळं बडोदं बदललं. रस्त्यावर नव्या, गुळगुळीत गाड्या आल्या, तुझ्या शाळेतल्या शिक्षकांनीही घेतल्या. शाळेच्या तुकड्या मात्र एकेक करून बंद झाल्या, कारण आपलेच लोक मुलांना इंग्रजीत घालायला लागले. तू घराघरांत जाऊन त्यांना समजवायचास, त्याच काळ्या गाडीवरून. लोक तुला पाणी द्यायचे, "हो हो सर" म्हणायचे आणि मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे. तू दमायला तिथेच लागलास असं वहिनी म्हणते. असेल.

आणि मग दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, कारखान्यात तुझा फोन आला. इतक्या वर्षांत तू तिथे कधी फोन केला नव्हतास. मला वाटलं घरात काही झालं.

"शैले," तू म्हणालास, "क्लच फार जड झालाय गं. तुझी ती केबल आहे का? येऊन लावून देतेस?"

तुझी ती केबल. मी फोन ठेवला आणि जागेवर येऊन बसले. शेजारची हंसाबेन विचारायला लागली, "शुं थयुं?" मी म्हणाले, काही नाही, भावाचा क्लच जड झालाय. ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण मी हसत होते.

कपाटावरची जुनी झाली असणार, म्हणून मी सात केबली ओढून बघितल्या आणि आठवी घेतली. रविवारी माझी पिशवी, माझी पकड, माझे पाने घेऊन आले. तू तुझा हत्यारांचा डबा पुढे केलास, तो गाडीच्या बाजूच्या झाकणात असायचा तो. मी म्हणाले, माझी हत्यारं आहेत माझ्याकडे. तू म्हणालास, "अरे वा, मिस्त्री झालीस की." पण त्यात टोचणी नव्हती. मी केबल लावली, तुला समोर बसवून तिचं वळण नीट केलं, कुठे दाब पडू दिला नाही. क्लच ओढला. इतका हलका क्लच मी त्या गाडीला कधी बघितला नव्हता. तू ओढलास आणि म्हणालास, "हं. झाला हलका." वहिनीनं शिरा केला होता. मी दोनदा घेतला.

दोन आठवड्यांनी परत फोन. परत जड झालाय.

मी आले, ओढला. होता तसाच होता, लोण्यासारखा. माझा हात, दादा. ज्या हातावर रोज ढिगानं माल पास होतो तो हात. त्याला कळायला एक क्षणही लागला नाही. क्लच जड नव्हता. तुझा हात कमी पडत होता.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, दादा, हात दाखव. मी म्हणाले, "हो रे, जरा जड वाटतोय. बघते."

का, ते सांगते. हे लिहायला लाज वाटते, पण आता तुझ्याशी नाही बोलायचं तर कुणाशी? मला आनंद झाला होता. तू मला बोलावलं होतंस. इतक्या वर्षांनी तू जिन्याखाली पाटावर बसून माझ्या हातांकडे बघत होतास, मी काय करते ते विचारत होतास. ही घुंडी कशाची? हे कुठे ओततात? तिथे किती बायका आहेत? क्लच ठीक आहे असं म्हटलं असतं तर हे सगळं तिथेच संपलं असतं. म्हणून मी केबल काढली, पुसली, तुझी पाठ वळली तेव्हा तीच परत लावली आणि सांगितलं, "नवी घातली. आता बघ." तू दोन बोटांनी ओढायचा प्रयत्न केलास, मग चारांनी. म्हणालास, "वा, काय फरक पडला!"

मग ते तसंच चालू राहिलं. एक रविवार सोडून एक. तू म्हणायचास जड, मी म्हणायचे बघते. तीच केबल निघायची, तीच लागायची. मध्ये एकदा आपण कनुभाईंच्या गॅरेजात गेलो. त्यांनी क्लच ओढला आणि तुझ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. तू पाणी प्यायला आत गेलास तेव्हा हळूच म्हणाले, "बेन, आ तो माखण जेवो छे. हवे आमां शुं करुं?" मी म्हणाले, काहीतरी करा. त्यांनी इंजिनाकडचा आडवा दांडा लांब करून दिला. त्यानं क्लच आणखी हलका झाला आणि नीट सुटेनासा झाला. गियर पडताना खडखड व्हायची. चौकात सिग्नलला गाडी अडखळायची. तू म्हणायचास, म्हातारी झाली आता ती.

एका रविवारी तू हॅंडल धरून उभा होतास आणि मला तुझ्या डाव्या हाताचा अंगठा दिसला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, यांच्यामध्ये जिथे मांस असतं तिथे खळगा पडला होता. मी बराच वेळ बघत होते. तू विचारलंस, "काय गं?" मी म्हणाले, "काही नाही, तो पाना दे." तू उजव्या हातानं दिलास.

उत्तरायण ते गणपती. आठ महिने, दादा. गणपतीत आरतीचं तबक तुझ्या हातातून सुटलं आणि वहिनीनं तुझा हात हातात घेऊन बघितला. तिनं ना केबल बघितली ना क्लच. सरळ हात बघितला. चौथ्या दिवशी आपण अलकापुरीत होतो, डॉक्टरांकडे. तू मला रिक्षात म्हणालास, "बघ, शेवटी गेलोच ना अलकापुरीच्या ऑफिसात." मला हसावं की काय करावं कळेना. म्हणजे तुलाही ते इतकी वर्षं आठवत होतं.

स्नायू वाळत जाणारा आजार, डॉक्टर म्हणाले. नाव मोठं होतं. मी त्यांना वेगळं गाठून विचारलं, आठ महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, काही फरक पडला नसता, याच्यावर औषधच नाही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. सकाळी असतो. दुपारपर्यंत उडून जातो.

पुढचं काय लिहू? तुलाच सगळं झालं, तुला ठाऊक आहे. आधी गाडी सुटली, मग खडू, मग चमचा. मी बदली मागून दुपारची पाळी घेतली. सकाळी तुझ्याकडे, दुपारी कारखाना. बसमध्ये उभ्या उभ्या झोपायचे. वहिनी तर झोपायचीच नाही. त्या दिवसांत आपण तिघंही एकमेकांवर खूप खेकसलो, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. खेकसल्याशिवाय ते दिवस निघाले नसते.

पण गेला दसरा सांगायचाय. सकाळी तू खुर्चीत होतास. बोलणं तेव्हा जाड झालं होतं, आम्हां दोघींनाच कळायचं. तू म्हणालास, "तेल."

वहिनीला वाटलं डोक्याला लावायचं. मला कळलं. मी म्हणाले, "दादा, ती माझी केबल आहे. प्लास्टिकची नळी आहे आत. चालवतही नाही कुणी. कशाला?"

तू परत म्हणालास, "तेल."

मी परातीतून लिंबाएवढी कणीक घेतली. गाडी दारापर्यंत ओढली, तुला दिसेल अशी. केबलचं टोक सोडवलं, खिडकीच्या गजाला बांधलं, नरसाळं केलं. माझं नरसाळं वाकडं झालं आणि तू मानेनं नको नको केलंस, म्हणून मोडून परत केलं. मग शिलाई मशीनचं तेल. जे करायचं नसतं म्हणून मी कारखान्यात नव्या मुलींना इतकी वर्षं बजावत आले, ते मी माझ्या हातानं केलं. खूप वेळ लागला. तू डोळे मिटले नाहीस. इंजिनाकडच्या टोकाला थेंब दिसला तेव्हा तुझ्या तोंडून शब्द नीट निघाला नाही, म्हणून मीच ओरडले, "आला!" त्या दिवशी फाफडा तुला खाता आला नाही. जिलेबीचा पाक वहिनीनं बोटानं चाटवला. मला वाटतं, आपल्या घरातला तो सगळ्यांत चांगला दसरा होता.

आता कालचं सांगते.

शोकसभेहून आलो. वहिनीनं चहा टाकला. मला ते ओझं सहन होईना, म्हणून मी तिला सगळं सांगून टाकलं. आठ महिने मला माहीत होतं, मी तीच केबल परत परत लावली, खोटं बोलले. मला वाटलं ती मला घराबाहेर काढेल. तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "त्यांना माहीत होतं गं."

"काय माहीत होतं?"

"तीच केबल घालतेस ते. पहिल्यांदा लावून गेलीस ने, त्याच संध्याकाळी त्यांनी कर्कटकानं टोकाच्या पत्र्यावर तुझ्या केबलची खूण म्हणून बारीक रेघ मारून ठेवली. मग तू नवी घातली म्हणालीस. तू गेल्यावर बघतात तर रेघ तिथेच. इतके हसले! म्हणाले, शैली तीच घालते आणि नवी सांगते."

ती रेघ मी बघितली होती, दादा. मला वाटलं होतं, माझ्याच पकडीचा ओरखडा.

"मग मला बोलला का नाही?"

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, क्लच हलका आहे असं कबूल केलं तर ती कशाला येईल?"

"आणि हाताचं?"

"हाताचं त्यांना तुझ्याही आधी कळलं होतं. वर्गात डस्टर पडायचं डाव्या हातातून. मला तेव्हा कुठे सांगितलं? तुला फोन केला, एवढंच." मग ती उठली, किल्ली घेतली आणि मला बोळात घेऊन गेली. गाडीचं बाजूचं झाकण उघडून तिनं तुझा हत्यारांचा डबा काढला, जो मी तोऱ्यात कधी उघडलाच नव्हता. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रेघा होत्या. कर्कटकाच्या टोकानं मारलेल्या, सारख्या अंतरावर, पट्टीवर असतात तशा. वहिनी म्हणाली, "तुझी हजेरी. क्लच बघायला आलीस की एक." शेवटच्या तीन-चार थरथरत्या होत्या. आणि अगदी शेवटची वेगळीच, खोल आणि तिरपी. "ती माझी," वहिनी म्हणाली. "दसऱ्याची. त्यांना धरता येईना. म्हणाले, शैला आली, मांड."

मला आधी राग आला. खरं सांगते, खूप राग आला. तुला माहीत होतं, मला माहीत होतं, कनुभाईंना माहीत होतं, आणि आपण सगळे मिळून एका धडधाकट केबलची आठ महिने शुश्रूषा करत बसलो. एवढा गणिताचा मास्तर, तुला सरळ म्हणता आलं नाही, की शैले, ये, बस, मला भीती वाटते? मलाही नाही म्हणता आलं. आपण दोघं एकाच घरात वाढलो, याचा आणखी काय पुरावा हवा? त्या रेघांवरून मी बोट फिरवत होते आणि मनातल्या मनात तुला शिव्या देत होते. मग लक्षात आलं की बी.एड.च्या फॉर्मवर तू माझं नाव कधी लिहिलं नव्हतंस, ती जागा कोरी असायची. माझ्या नावानं तू मांडलेली ही एवढीच गोष्ट. आणि ती तुझ्या हत्यारांच्या डब्यात.

हात कुठेतरी टेकायचा म्हणून मी हॅंडल धरलं, आणि सवयीनं क्लच ओढला.

तो हलला नाही. जोर लावला तेव्हा खरखरत, अडकत अर्ध्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

मला वाटलं, माझाच हात गेला. वीस दिवस धड जेवण नाही, झोप नाही. परत ओढला. तोच प्रकार. मागच्या वेळी अशाच जागी मी गप्प बसले होते. या वेळी बसले नाही. वहिनीला म्हणाले, "वहिनी, तू ओढून बघ. खरं सांग."

तिनं पदराला हात पुसले, दोन्ही हातांनी लिव्हर धरली आणि जीव खाऊन ओढली. "बाई गं," ती म्हणाली, "हा तर दगडासारखा जड आहे."

तेल, दादा. तुझं शिलाई मशीनचं तेल आणि परातीतली कणीक. मी इतकी वर्षं सांगत होते, तेच झालं. आपल्या भांडणाचा निकाल लागला, मी जिंकले, आणि समोर पाटावर कुणी नाही. तिथे त्या बोळात मी पहिल्यांदा रडले. वहिनीही रडली. वरच्या मजल्यावरच्या बेन जिन्यातून डोकावून गेल्या.

केबल बदलायला दहा मिनिटं लागतात. नवी माझ्या पिशवीत होती, ती नेहमीच असते. मी पिशवी उघडली, पकड काढली, टोकावरची तुझी रेघ बघितली आणि पकड परत ठेवली.

वहिनीनं डोळे पुसले. म्हणाली, "मग आता हिचं काय?"

मी म्हणाले, "फार जड झालाय गं. रविवारी येऊन बघते."

— शैला